आजारातून उठताना: बघण्याचं पथ्य

आजारी माणसाला भेटायला येणारे लोक दोन गोष्टी हमखास घेऊन येतात. एक, पिशवीभर फळं. दुसरी, काय काय बघावं याची यादी. फळांच्या बाबतीत निदान डॉक्टर सांगतात, हे चालेल, ते नको. यादीच्या बाबतीत पथ्य सांगणारं कुणी नसतं. 'नाहीतरी पडूनच आहेस, तर बघून घे' म्हणून लोक जे सुचवतात, त्यात सगळ्यात वर कुठलं नाव असतं? 'आनंद'. आमच्या शेजारच्या काकूंनी मला तेच सांगितलं. "आनंद बघ की गं, मन मोकळं होतंय." १९७१ सालचा हा सिनेमा उत्तमच आहे, वाद नाही. पण त्यातल्या नायकाला आतड्याचा कर्करोग आहे आणि शेवटी तो जातो. सलाइनच्या सुईचा निळा डाग अजून हातावर असताना मी हे का बघायचं, हे काकूंना विचारायची ताकद तेव्हा माझ्यात नव्हती.

आपल्या वाङ्मय मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, तर 'मुन्नाभाई एमबीबीएस'ला सगळ्यात जास्त मतं. तोही धमालच. पण त्यातला जहीर आठवतो ना? कॉलेजच्या वयाचा पोरगा, वॉर्डातली खाट आणि शेवटचा श्वास. एकाने तर चक्क 'श्वास' सुचवला. २००४ चा, राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालेला, मराठी सिनेमाला नवी उभारी देणारा वगैरे सगळं खरं. पण एका लहान मुलाचे डोळे काढावे लागणार आहेत, ही त्याची गोष्ट. आणि मला डेंग्यू झाला होता, ज्यात डोळ्यांच्या मागे असं दुखतं की बुबुळ हलवायची भीती वाटते. लोकांचा हेतू चांगला असतो, एवढंच मी म्हणेन.

तर या लेखात पथ्याबद्दल बोलू. आजारपणात नव्हे, आजारातून उठताना काय बघावं, याबद्दल. हा फरक महत्त्वाचा आहे. ताप एकशे तीनवर असताना कुणी काही बघत नाही. पंखा बघतो, छत बघतो. खरी पंचाईत नंतर होते. डॉक्टर म्हणतात 'बरी झालीस', रिपोर्टही नॉर्मल असतात, आणि आपण मात्र अंघोळ करून आलो की अर्धा तास पलंगाच्या काठावर बसून राहतो. काम करायला अंगात बळ नसतं आणि झोपून झोपून झोप संपलेली असते. माझा ताप पाच-सहा दिवसांत उतरला. अशक्तपणा पाच आठवडे राहिला. ऑगस्ट महिना, बेळगावचा पाऊस, खिडकीवरच्या पत्र्यावर दिवसभर तोच एक आवाज, आणि मी.

मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मला वाचता येईना. अक्षरं दिसत होती, शब्द कळत होते, पण तिसऱ्या ओळीवर पोचेपर्यंत पहिली ओळ निसटून जायची. साहित्याच्या विद्यार्थिनीला वाचता न येणं म्हणजे गवंड्याला हात न उचलता येणं. एक कादंबरी अंतर्गत परीक्षेला होती. तिचं पहिलं पान मी किती वेळा वाचलं असेल, देव जाणे. आणि खरं सांगायचं तर परीक्षेपेक्षा रात्री दोन वाजता येणारा विचार जास्त वाईट होता, की हे आता असंच राहिलं तर?

व्हर्जिनिया वुल्फचा आजारपणावर १९२६ सालचा एक निबंध आहे, आपल्यापैकी काहींना तो माहीत असेल. प्रेम, युद्ध, मत्सर यांच्यावर एवढं साहित्य आहे, मग आजारावर का नाही, असा तिचा मुख्य प्रश्न. पण त्यात पुढे ती एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगते. आजारी माणसाला लांबलचक गद्य झेपत नाही, कारण त्यात मागचं सगळं धरून ठेवून पुढे जावं लागतं. म्हणून तो कवितेकडे वळतो. थोडक्यात मिळतं, आणि जेवढं मिळतं तेवढ्यात समाधान होतं. मी हे निरोगी असताना वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. ते सिनेमा आणि मालिकांनाही लागू पडतं, हे मला पलंगावर कळलं.

म्हणजे असं, की 'हलकंफुलकं बघावं' हा नेहमीचा सल्ला अर्धवट आहे. विनोदी सिनेमासुद्धा दमवतो, जर त्यात दहा पात्रं, चार गैरसमज आणि दर दोन मिनिटांनी आरडाओरडा असेल. उलट थोडी उदास, संथ गोष्टसुद्धा बरी वाटते, जर ती आपल्याकडून फार काही मागत नसेल. मला जाणवलेली कसोटी साधी आहे. मधेच डोळा लागला आणि वीस मिनिटांनी जाग आली, तर 'अरे, काय झालं मधे?' असं वाटतं का? वाटत असेल तर ते अजून झेपणार नाही. बाजूला ठेवा, दोन आठवड्यांनी बघा.

जेवणाचं कसं असतं? आधी पेज, मग मऊ भात, मग मुगाची खिचडी, मग कधीतरी पोळी, आणि मटण बरंच नंतर. बघण्याचंही तसंच.

माझी पेज म्हणजे 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. प्रत्येक स्किट स्वतंत्र, मागचं-पुढचं काही लक्षात ठेवायला नको. समीर चौघुले बोलायला उभे राहिले की हसायचं आहे हे आधीच माहीत असतं. एक बघायचं, टीव्ही बंद, झोप. या प्रकाराला मी नावं ठेवायचे, 'त्यात काय बघायचं' म्हणायचे, आणि निरोगी असेन तेव्हा परतही म्हणेन. पण पेजेला चव नाही अशी तक्रार जेवणाऱ्याने करावी, आजाऱ्याने नव्हे.

हसण्याबद्दल बोलतोय तर नॉर्मन कझिन्सची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या 'सॅटरडे रिव्ह्यू' या साप्ताहिकाचे ते संपादक. १९६४ साली त्यांना सांधे आणि मणका धरणारा एक वेदनामय आजार झाला. झोप लागेना. त्यांनी हॉस्पिटलच्या खोलीत प्रोजेक्टर मागवला आणि मार्क्स बंधूंचे जुने विनोदी सिनेमे, 'कॅन्डिड कॅमेरा'चे भाग असं बघायला सुरुवात केली. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव. बाकीच्या रुग्णांना या हसण्याचा त्रास व्हायला लागला म्हणून ते शेवटी हॉटेलच्या खोलीत राहायला गेले. १९७६ मध्ये हे सगळं त्यांनी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि १९७९ मध्ये त्याचं पुस्तक आलं, ते खूप गाजलं. 'हसणं हेच औषध' असं आपण जे सर्रास म्हणतो, त्याला या पुस्तकाने बराच आधार दिला.

मात्र ही एका माणसाची हकीकत आहे, प्रयोग नव्हे. त्याच काळात ते क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते, आणि आजाराचं निदान बरोबर होतं का यावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. त्यामुळे हसून आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही. हसून झोप लागते, एवढं मात्र खुशाल म्हणेन. आणि त्यालाही अपवाद आहे. माझ्या आतेभावाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि तिसऱ्या दिवशी मित्रांनी कौतुकाने 'अशी ही बनवाबनवी' लावला. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर, आणि टाके पोटावर! बिचारा उशी पोटाशी घट्ट धरून "बंद करा रे" म्हणून ओरडत होता. टाके असतील तर विनोद जपून. उशी मात्र खरंच जवळ ठेवा. हसताना-खोकताना ती पोटाशी दाबून धरायला डॉक्टरही सांगतात.

'बनवाबनवी' १९८८ चा. तो मुळात हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधल्या 'बीवी और मकान'वरून घेतलेला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हृषीदांकडे जरा थांबू या, कारण आपला विषय त्यांच्या एकट्याच्या सिनेमांवरून समजावता येतो. 'आनंद' त्यांचाच. १९७५ या एकाच वर्षात त्यांचे 'मिली' आणि 'चुपके चुपके' असे दोन सिनेमे आले. दोन्हीत अमिताभ आणि जया. 'मिली'तली नायिका गंभीर आजारी आहे, आणि तो बघून होईपर्यंत आपणही पुन्हा आजारी पडल्यासारखे होतो. 'चुपके चुपके'त मात्र वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक ड्रायव्हर बनून बायकोच्या मेहुण्याकडे येतो आणि अतिशुद्ध हिंदी बोलून त्याला भंडावून सोडतो. बस्स, एवढंच. कुणी दुष्ट नाही, कुणाचं काही बुडत नाही. घरात लोक जेवतात, चहा पितात, एकमेकांची गंमत करतात. 'बावर्ची' आणि 'गोलमाल'ही त्याच जातीचे. एकच दिग्दर्शक, तीच मध्यमवर्गीय घरं, तसेच कलाकार. पण एक सिनेमा आजाऱ्याला चालतो आणि दुसरा चालत नाही. म्हणजे 'चांगला सिनेमा' हा इथे निकष नाही. बघणारा कुठे पडलाय, हा निकष आहे.

हे सगळे सिनेमे मी आधी बघितलेले होते. तोच तर फायदा. निरोगी असताना आपल्याला पुढे काय होणार याची ओढ असते. आजारात पुढे काय होणार हा प्रश्नच नकोसा होतो, कारण रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात असतो. प्लेटलेट किती? कालच्यापेक्षा कमी का? डेंग्यूत तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, त्यामुळे ताप गेला म्हणून हायसं वाटायचीही सोय नाही. अशा वेळी उत्पल दत्तना मिशीवरून पुन्हा राग येणार आणि शेवटी सगळं ठीक होणार, हे पक्कं माहीत असणं ही फार मोठी गोष्ट असते. आमची शामाय, म्हणजे माझी आजी, रोज तोच रोझरी म्हणते. तिला 'रोज तेच काय' असं कधी कुणी विचारत नाही. मीही 'गोलमाल' त्याच भावनेने लावायचे, असं तिला सांगितलं तर ती रागावेल. म्हणून इथे लिहिते आहे, ती ई-अंक वाचत नाही.

आता काय टाळावं. रोजच्या मराठी मालिका, संध्याकाळी साडेसातनंतरच्या. मी त्यांच्या विरोधात नाही, पण एका वाक्यावर तीन चेहरे तीन-तीनदा दाखवून मागे धाडधाड वाजवणारं संगीत अशक्त माणसाच्या छातीत जाऊन बसतं. बातम्या तर नकोच. गुन्ह्यांच्या वेबसिरीज नकोत; त्या प्रत्येक भाग अशा जागी तोडतात की झोप उडावी. आणि ॲपमधलं पुढचा भाग आपोआप सुरू होणं पहिल्या दिवशीच बंद करून टाका. ते झोपलेल्या माणसाला जागं ठेवायलाच केलेलं आहे. मोबाइल हातात धरून, कानात इअरफोन घालून बघणं मला तरी मानवलं नाही. मनगट दुखतं, आणि घरात असून आपण घरात नसतो. पप्पांनी हॉलमध्ये दिवाणावर अंथरूण घालून दिलं. टीव्ही लांब, आवाज बारीक, आणि येता-जाता कुणी ना कुणी पाच मिनिटं टेकणारं.

टेकणारी मुख्य व्यक्ती शामाय. तिचं वय ऐंशीच्या पुढे. घरी आम्ही कोंकणी बोलतो, तिला मराठी आणि कानडी दोन्ही येतं, इंग्लिश जेमतेम. तिच्याबरोबर बघायचं म्हणून मी 'मालगुडी डेज' लावलं, आणि तिथे माझी पेज संपून मऊ भात सुरू झाला.

'मालगुडी डेज' आपल्या आई-बाबांच्या पिढीचं. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, शंकर नाग यांचं दिग्दर्शन, १९८६-८७ च्या सुमाराचं दूरदर्शन. प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. मालगुडी हे गाव नकाशावर नाही. चित्रीकरण झालं ते शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्याला. त्यामुळे उतरती कौलं, ओली झाडं, लाकडी खांबांची पडवी हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, खानापूरच्या पुढे गेलं की दिसतं तसं. सुरुवातीची रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, आणि एल. वैद्यनाथन यांची ती गुणगुणणारी धून. शंकर नाग यांना कर्नाटकात आजही रिक्षांच्या मागे बघायला मिळतं. आपण मराठी माणसांनीही त्यांना थोडं आपलं म्हणायला हरकत नाही: ते मुंबईत मराठी नाटकांत वावरले, आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. १९९० मध्ये अपघातात गेले, तेव्हा ते अवघे ३५ वर्षांचे होते. एवढ्या तरुण माणसाला एवढा संथपणा कसा जमला, याचं मला नवल वाटतं.

या मालिकेत काही मोठं घडत नाही. त्यातली एक गोष्ट आहे, ज्यात स्वामीचे वडील त्याला धाडसी बनवण्यासाठी रात्री ऑफिसच्या खोलीत एकटं झोपायला लावतात. रोज तो आजीजवळ झोपणारा मुलगा. अंधारात भीतीने थरथरत तो बाकाखाली शिरतो, कुणाची तरी चाहूल लागते, आणि तो भुताचा म्हणून जो पाय चावतो तो निघतो चोराचा. सगळ्या गावात स्वामी शूर ठरतो. आणि दुसऱ्या रात्री? पुन्हा आजीजवळ. वडील गिरीश कार्नाड. शामाय त्यांच्यावर भलतीच चिडली. त्या आठवड्यात रात्री मला एकटीला झोपायची भीती वाटायची, म्हणून एकवीस वर्षांची मी तिच्या शेजारीच झोपत होते. त्यावर आम्ही दोघीही काही बोललो नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं, "तो चेडो आज आसा मू?" तो पोरगा आज आहे ना?

मुगाची खिचडी म्हणजे 'पंचायत'. २०२० मध्ये आलेली ही वेबसिरीज बहुतेकांनी बघितली असेल, म्हणून फार लिहीत नाही. पहिला सीझन आठ भागांचा, डोळे झाकून घ्या. गावाच्या ऑफिसची किल्ली हरवणं हा जिथे अख्ख्या भागाचा पेच असतो, तिथे आजाऱ्याने निर्धास्त जावं. दुसरा सीझनही चांगला, पण त्याचा शेवटचा भाग लांबच ठेवा. का ते सांगत नाही. ज्यांनी प्रल्हादचाला बघितलंय त्यांना कळलं असेल.

आता ज्या सिनेमासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो. 'माय नेबर टोटोरो'. जपानचे हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा ॲनिमेशनपट, दीड तासाच्या आतला. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांबरोबर गावाकडच्या जुन्या घरात राहायला येतात, कारण त्यांची आई जवळच्या हॉस्पिटलमध्ये आहे. जंगलात त्यांना एक भलामोठा, केसाळ, जांभया देणारा प्राणी भेटतो. म्हणजे हाही आजारपणाचाच सिनेमा! मग 'आनंद' नको आणि हा हवा, असं का?

कारण इथे आजार गोष्टीच्या मध्यभागी नाही. तो कडेला आहे, जसा घरात असतो. आई हॉस्पिटलमध्ये असली तरी डबे भरायचे असतात, धाकटीच्या वेण्या घालायच्या असतात, पावसात बसस्टॉपवर वडिलांची छत्री घेऊन उभं राहायचं असतं. त्या बसस्टॉपच्या प्रसंगात कितीतरी वेळ काहीच होत नाही. पाऊस पडतो. शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो. सात्सुकी त्याला छत्री देते, आणि छत्रीवर थेंब टपटपले की त्याला गंमत वाटते. आमच्या खिडकीच्या पत्र्यावरचा आवाज मला महिनाभर छळत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तो ऐकला.

तरी सिनेमा खोटा दिलासा देत नाही. हॉस्पिटलमधून तार येते, आईचं घरी येणं लांबतं, आणि एवढा वेळ शहाण्यासारखी वागणारी सात्सुकी एकदम रडायला लागते. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती, त्यामुळे आजाऱ्याच्या घरातली मुलं कशी असतात ते त्यांना माहीत होतं. या प्रसंगाला मम्मी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली. मी हॉस्पिटलमध्ये असताना माझा धाकटा भाऊ अगदी शहाण्यासारखा वागला होता म्हणे. स्वतःचे कपडे धुतले, डबा नेऊन दिला, आणि मी घरी आल्यावर रिमोटवरून भांडण काढून धाय मोकलून रडला. तेव्हा आम्हाला ते कळलं नव्हतं.

शेवटी आई अगदी घरी येते का? मुख्य कथेत नाही. मुली झाडावरून तिला खिडकीत हसताना बघतात, आणि मक्याचं एक कणीस खिडकीत ठेवून परत फिरतात. घरी येते ती श्रेयनामावलीच्या चित्रांत. म्हणून नावं सुरू झाली की टीव्ही बंद करू नका. आणखी एक सावधगिरी: जपानमध्ये हा सिनेमा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' बरोबर जोडीने प्रदर्शित झाला होता. त्याच स्टुडिओचा, तितकाच मोठा सिनेमा, आणि त्यात युद्धकाळात दोन भावंडं उपाशी मरतात. 'टोटोरो आवडला ना, मग हाही बघ' असं कुणी म्हणालं तर त्यांना फळं घेऊन परत पाठवा.

मियाझाकींचाच 'किकीज डिलिव्हरी सर्व्हिस' लगेच पुढे बघता येईल. त्यात तेरा वर्षांची चेटकीण पावसात भिजून तापाने पडते, आणि बेकरीवाली बाई तिला गरम पेज आणून देते. शामायला हे कळल्यावर तिचा जपानबद्दलचा आदर एकदम वाढला. पण खरी गोष्ट पुढे आहे. बरी झाल्यावर किकीला उडताच येईना. जी गोष्ट तिला जन्मतः येत होती, जिच्यावर तिचं पोट होतं, तीच गेली. तिची चित्रकार मैत्रीण तिला सांगते की मलाही कधीकधी चित्र काढता येत नाही. तेव्हा मी हट्ट करत नाही, फिरते, झोपते, काहीच करत नाही. माझी कादंबरी उशाखाली होती. मी ती काढून कपाटात ठेवली.

हे दोन्ही सिनेमे मी इंग्लिश डबिंगमध्ये बघितले, जपानीत नव्हे, आणि ते मुद्दाम सांगते आहे. आपल्यासारख्या लोकांना मूळ भाषेत बघायचा अभिमान असतो. पण सबटायटल म्हणजे वाचन. शिवाय तुमच्या वेगाने नव्हे, त्यांच्या वेगाने. डोळ्यांमागे ठणकत असताना ते नको. इंग्लिश ऐकायचं, आणि शामायला कोंकणीत सांगत जायचं, एवढं मला जमत होतं.

सबटायटलचा सिनेमा मी पाचव्या आठवड्यात लावला. 'बॅबेट्स फीस्ट', १९८७ चा डेन्मार्कचा, परभाषिक सिनेमाचं ऑस्कर मिळालेला. आमच्या पॅरिशच्या फादरांनी सुचवलेला. पोप फ्रान्सिस यांचा हा आवडता सिनेमा, २०१६ मधल्या त्यांच्या कुटुंबाविषयीच्या पत्रातही त्याचा उल्लेख आहे. समुद्रकाठच्या एका कडक धार्मिक खेड्यात दोन वयस्कर बहिणी राहतात. पॅरिसमधल्या यादवीतून पळून आलेली बॅबेट त्यांच्याकडे स्वयंपाकाला राहते. पाव आणि बिअर घालून केलेलं मातकट सूप आणि सुकी मासळी, हे तिथलं जेवण. तेच सूप गावातल्या गरिबांना आणि आजाऱ्यांनाही पोचवलं जातं. बॅबेट आल्यावर त्याची चव बदलते. आणि ती काही दिवस नसताना बहिणींच्या हातचं जुनं सूप पुढे आल्यावर एका म्हाताऱ्याचं तोंड जे काही होतं, ते आजाराचं पथ्य खाल्लेल्या कुणालाही ओळखता येईल. चौदा वर्षांनी बॅबेटला लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात आणि ती सगळ्यांना एक मेजवानी देते.

तोंडाला चव आल्याशिवाय हा सिनेमा बघू नका, छळ होईल. पण भूक परत आली असेल तर त्यासारखा दुसरा नाही. स्वयंपाकघरातलं एकेक काम तो इतक्या सावकाश दाखवतो की बघता बघता तोंडाला पाणी सुटतं.

अर्ध्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाचते आहे. डॅनिश संवाद, मधे फ्रेंच, खाली इंग्लिशच्या ओळी, आणि त्या ओळी मी तासभर एकामागून एक वाचत होते. वर त्यांचं कोंकणी करून शामायला सांगत होते. तिसऱ्या ओळीला पहिली निसटत नव्हती. मी काही बोलले नाही, कारण कासवाचं सूप टेबलावर आलं होतं आणि शामायने क्रूस करून तोंड फिरवलं होतं. लावा पक्षी आले तेव्हा ती परत वळली. जेवण संपलं, पाहुणे गेले, आणि बॅबेटने लॉटरीचे सगळेच्या सगळे पैसे या एका जेवणावर घालवले, हे मी तिला सांगितलं.

शामाय बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आनी इतकीं आयदनां घासलीं कोणें?"